विल्फची अकरा फाटकं

आमच्या थॉर्नबेकहून डोंगरापलीकडच्या हॅगला जाणाऱ्या पायवाटेवर अकरा फाटकं आहेत आणि अकराही आता आपोआप लागतात. हे काम माझं. पहिल्या फाटकावर पितळी पट्टी आहे, तिच्यावर माझं नाव आहे, मेव्हिस हार्डकासल. "नाव कशाला हो?" असं मी गावसभेत दोनदा म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण कुणी खरंच ऐकलं असतं तर पंचाईत झाली असती. आता त्या फाटकाशी आले की मी मान दुसरीकडे वळवते.

पण गोष्ट फाटकांची नाही, विल्फ रेन्शॉची आहे.

विल्फ, क्लिफर्ड, बेरिल आणि मी एकाच शाळेत, एकाच खोलीत शिकलो. गावच्या शाळेला खोलीच एक होती. विल्फ नऊ वर्षांचा असताना सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्याच्या हातून रानातलं फाटक उघडं राहिलं आणि शेजाऱ्याचा एडका रात्रभर त्याच्या बापाच्या मेंढ्यांत राहिला. आमच्याकडे एडका सोडतात नोव्हेंबरात, म्हणजे कोकरं एप्रिलात होतात, गवत वर येतं तेव्हा. त्या वर्षी एकवीस कोकरं फेब्रुवारीत झाली, कमरेएवढ्या बर्फात. चार वाचली. बापाने विल्फवर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त मेलेली कोकरं गोळा करायला पोतं घेऊन त्यालाच पाठवलं. तेव्हापासून हा माणूस फाटक लावून, कडी घालून, ते पुन्हा एकदा हलवून बघितल्याशिवाय पुढे गेला नाही. शाळेत पोरं त्याला 'कडी' म्हणायची. क्लिफर्डने ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मोठा झाल्यावर विल्फने वरच्या चुनखडीच्या खाणीत, दगड भरडायच्या शेडमध्ये एकोणतीस वर्षं काढली. घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. खाण बंद पडली तशी तो गडगे रचायला लागला. आमच्या डोंगरावरचे गडगे म्हणजे चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. विल्फ एकदा उचललेला दगड परत खाली ठेवत नसे. हातात घेऊन उभा राही, त्याची जागा सापडेपर्यंत. मला ते बघवायचं नाही. "अरे, कुठेही बसव की!" असं मी त्याला कितीदा तरी म्हटलं असेल. मी अशीच आहे. टपाल कचेरीच्या खिडकीत बावीस वर्षं बसले, पण रांग रेंगाळलेली मला कधी खपली नाही.

त्याने लग्न केलं नाही. बहीण एडिथ आणि तो, दोघंच. त्याचा माझ्यावर जीव होता असं बेरिल म्हणते. बेरिल काहीही म्हणते. खरं एवढंच, की सतरा वर्षांची असताना सुगीच्या नाचाला मी विल्फबरोबर दोन गाणी नाचले. तिसरं सुरू व्हायच्या आधी तो म्हणाला, "सभागृहाचं फाटक वाजतंय, लावून येतो." तो लावून, कडी घालून, हलवून बघून परत येईपर्यंत मी हॅरल्डबरोबर नाचत होते. हॅरल्डशीच पुढे लग्न केलं. चांगला होता हॅरल्ड. गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली.

आम्ही सगळे कामातून मोकळे झालो आणि हिवाळी रविवार सुरू झाले. नोव्हेंबर लागला की उन्हाळी पाहुणे जातात आणि डोंगर आमचा होतो. थॉर्नबेकहून निघायचं, सहा मैल चालत हॅगला, तिथे 'फ्लीस' पबमध्ये भाजलेलं गोमांस आणि यॉर्कशायर पुडिंग, मग बसने परत. ही बस क्लिफर्डने एकतीस वर्षं चालवलेली, त्यामुळे परतीच्या वाटेवर तो पहिल्या बाकावर बसून नव्या चालकाला प्रत्येक वळण शिकवायचा. नियमही त्याचाच होता: पबमध्ये जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांना बिअरची पहिली फेरी पाजायची. शेवटी कोण, हे ठरलेलंच होतं. विल्फ अकरा फाटकं लावत यायचा ना!

आम्ही तिघं चढाच्या माथ्यावर थांबायचो. बेरिल पेपरमिंटच्या गोळ्या काढायची. खाली विल्फ कडीशी खटपट करत असायचा.

"काय रे कडी, लग्न लावतोयस का फाटकाचं?" क्लिफर्ड वरून ओरडायचा.

"मुहूर्त बघतोय!" विल्फ खालून म्हणायचा.

मग तो हळूहळू वर यायचा. पोचला की क्लिफर्ड म्हणायचा, "आले राजेसाहेब! चला." आणि आम्ही निघायचो. म्हणजे आम्ही पाच मिनिटं बसलेले, तो पाच मिनिटं चढलेला, आणि सगळ्यांनी निघायचं एकदमच. एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नाही.

मला कळलं ते फार उशिरा, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच हसाल. विल्फला दम पुरत नव्हता. भरडशेडची धूळ छातीत बसली होती आणि डॉक्टरांनी त्याला ते स्पष्ट सांगितलेलं होतं. शेवटची सहा वर्षं तो फाटकं लावत नव्हता, फाटकांना धरून उभा राहत होता. श्वास जागेवर आला की कडी वाजवायची, हलवून बघायचं आणि पुढच्या फाटकापर्यंत निघायचं. अकरा फाटकं म्हणजे अकरा विसावे. आणि कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं, कारण तो नऊ वर्षांचा असल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं की विल्फ फाटकाशी वेळ लावतो. रविवार सुटू नये, एवढीच त्याची धडपड होती.

आणि मी ठरवलं, की याच्या मागचं हे फाटकांचं झेंगट सोडवायचं.

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. दोन वर्षं जिल्हा कचेरीला पत्रं लिहिली. केकच्या विक्र्या केल्या, जुन्या कपड्यांच्या विक्र्या केल्या, पाद्रीबाबांकडून त्यांचा नवाकोरा कोट विक्रीला काढून घेतला. ज्यांची रानं त्या सगळ्यांच्या दारात जाऊन सह्या आणल्या. गावसभेत मी उभी राहिले तेव्हा विल्फ मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"विल्फ, तुझं काय मत? सांग की सगळ्यांना."

"जुनी बरी आहेत की."

"बरी? चौथं बिजागरीतून निखळलंय. उचलून लावावं लागतं."

"उचलतो की मी."

"तेच तर म्हणते! तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. अडुसष्टचा झालास, किती दिवस मागे राहून फाटकं उचलणार?"

सगळे हसले, कुणीतरी टाळी वाजवली. विल्फने टोपी एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मग म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर, मेव्हिस."

मला वाटलं, बिचारा भिडस्त आहे.

नवी फाटकं नाताळाच्या आधी बसली. बिजागरी तिरकी, दार जड. हात सोडला की आपोआप फिरून धाडकन लागतं आणि कडी आपली आपण पडते. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं निघालो. आदल्या दिवसापासून दहिवर गोठलेलं, गवत बुटांखाली करकर मोडत होतं, आणि तोंडातून निघालेली वाफ तोंडासमोरच थांबत होती. पहिल्या फाटकाशी मी पट्टी रुमालाने पुसली. विल्फ सवयीने मागे राहिला. त्याने दारावर हात ठेवला, पण ते त्याच्या हातातून निसटून धाडकन लागलं. त्याने उगाच एकदा हलवून बघितलं.

"कडी, नोकरी गेली रे तुझी!" क्लिफर्ड म्हणाला. सगळ्यात जास्त मी हसले.

चौथ्यापासून सातव्यापर्यंत खडा चढ आहे. पाचव्याच्या पुढे विल्फ गडग्याशी थांबला. "हा वरचा दगड घसरलाय बघ. बसवून येतो. तुम्ही व्हा पुढे."

"आज नाही हं!" मी म्हटलं. "आज तू आमच्याबरोबर. दगड कुठे पळून जात नाही."

आणि मी त्याच्या काखेतून हात घातला. सुगीच्या त्या नाचानंतर एक्कावन्न वर्षांनी पहिल्यांदा. तसाच त्याला घेऊन मी चढ चढले, क्लिफर्डच्या चालीने, तोंडाची टकळी चालू ठेवून. जाड कोटातूनसुद्धा त्याची छाती धडधडताना मला कळत होती. खरं सांगते, लाज सोडून सांगते: मला वाटलं, ती माझ्यामुळे. मी हात धरला म्हणून. या वयात, मेव्हिस! असं मी मनात म्हणाले आणि मला आत कुठेतरी गोडही वाटलं. तो एक शब्द बोलला नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही, तो कधी फारसं बोलायचाच नाही.

'फ्लीस'च्या दाराशी मी मुद्दाम बुटाची नाडी सोडली आणि बांधत बसले. तिघंही आत गेल्यावर मागून शिरले आणि ओरडले, "शेवटी मी! आज फेरी माझी!" विल्फ काउंटरकडे निघाला होता. मी त्याला खांद्याला धरून शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं, आमच्या तिघांच्या समोर.

"विल्फ, ओठ निळे पडलेत रे तुझे," बेरिल म्हणाली.

"मग तुझे काय लालचुटुक आहेत?" क्लिफर्ड म्हणाला. "थंडी आहे बाहेर, बये."

काउंटरवर पबवाली लिनेट माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "विल्फ नाही आला इकडे?"

"आज राजेसाहेब बसलेत. आज त्यांची सुट्टी."

तिने पेले भरले आणि माझ्याकडे सरकवले. मी विल्फचा अर्धा पाइंट त्याच्यासमोर ठेवला. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, उचलला नाही.

"मग? कशी आहेत फाटकं?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं मला.

तो बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिला. वाटलं, शब्द शोधतोय. मग म्हणाला, "झकास... लागतात गं."

त्याच्या ताटातलं पुडिंग क्लिफर्डने खाल्लं.

पुढच्या रविवारी विल्फ आला नाही. गुडघा धरलाय म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी एडिथला पडसं होतं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी न्हाणीतला नळ गळत होता. आमच्याकडे माणसाने गुडघा म्हटलं की गुडघा. त्यावर आणखी काही विचारणं म्हणजे कुणाच्या घराच्या खिडकीला नाक लावून आत बघण्यासारखं. तो नव्हता तर आम्ही भराभर चालायचो, जेवायला लवकर पोचायचो. "फाटकांनी दुसरा घरोबा केला म्हणून रुसलाय गडी," क्लिफर्ड म्हणायचा.

फेब्रुवारीअखेर फेरी पुन्हा माझ्यावर आली. लिनेटने विचारलं, "विल्फ कसा आहे?"

"गुडघा म्हणे."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मेव्हिस, तू खरंच कधी बघितलं नाहीस?"

"काय?"

"सहा वर्षं तो इथे, ही पितळी दांडी धरून उभा राहायचा. तुमच्याकडे पाठ करून. चौघांची फेरी त्याच्यावर यायची, तेवढाच त्याला वेळ मिळायचा. मी पेले असे भरायचे, औषधासारखे, थेंब थेंब. वर म्हणायचे, थांब, फेस बसू दे. त्याचा श्वास बसेपर्यंत माझा फेस काही बसायचा नाही."

मी दांडीकडे बघितलं. तेवढ्या एका जागी पितळ जास्त झिजलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तो म्हणाला, सांगू नकोस. कळलं की ही मंडळी आखूड वाटेने चालायला लागतील, माझ्यासाठी. क्लिफर्ड थट्टा करायचा थांबेल. आणि मेव्हिस..." लिनेट थांबली.

"बोल की. मेव्हिस काय?"

"म्हणाला, मेव्हिस लगेच काहीतरी करायला घेईल."

दुसऱ्या दिवशी मी मनुक्यांचा केक घेऊन विल्फच्या घरी गेले. एडिथने दार उघडलं आणि बाजूला झाली. विल्फ खिडकीपाशी बसला होता. खुर्चीशेजारी प्राणवायूचं नळकांडं होतं. मला बघताच त्याने अंगावरची शाल ओढून त्याच्यावर टाकली. नळी शालीखालून बाहेर आलेली दिसत होती. मी केककडे बघितलं.

"ये," तो म्हणाला. "गुडघा जरा..."

"हो. ऐकलं."

एडिथने चहा आणला. मी घरून शब्द जुळवून आले होते. वाटभर पाठ केले होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "सहाव्या फाटकाची बिजागरी करकरते."

"तेल घाल."

"घालीन."

"शिवणयंत्राचं नको. जरा जाड घाल."

"बरं."

खिडकीतून पहिलं फाटक दिसत होतं. कुणी दोघं कुत्रं घेऊन त्यातून गेले. फाटक मागे लागलं, आवाज आमच्यापर्यंत पोचला. त्या दोघांनी मागे वळूनही बघितलं नाही. विल्फने बघितलं.

उठताना मी कोटाची बटणं लावत होते तेव्हा तो म्हणाला, "मेव्हिस, त्या दिवशी तू हात धरलास ना..."

"हं?"

"चढ कळलाच नाही बघ."

विल्फ आयुष्यात माझ्याशी दोनदा खोटं बोलला. एकदा गुडघ्याचं आणि एकदा हे. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, की उद्या येते, आपण दोघं पहिल्या फाटकापर्यंत जाऊ, हवा तेवढा वेळ उभे राहू आणि परत येऊ. शालीखाली काय आहे ते मला माहीत आहे, हेही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, त्याच्याकडे आता झाकायला तेवढी शालच उरलीय, ती मी कशी ओढू? आता वाटतं, तीही सबबच होती. मला माफी मागायची भीती वाटत होती. आयुष्यभर गावात नाक खुपसलं, आणि जिथे खुपसायचं तिथे "बरंय, येते" म्हणून बाहेर पडले.

तो एप्रिलमध्ये गेला. रानात कोकरं झाली होती, वेळेवर.

याला सहा वर्षं झाली. आम्ही तिघं अजून चालतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी खिशात गवताच्या भाऱ्यांची केशरी नायलॉन दोरी घेऊन गेले आणि सहाव्या फाटकाची कडी खांबाला बांधून टाकली, तीन गाठी मारून. ऐन चढाच्या मधोमध आहे ते. आता येणाऱ्याला थांबून गाठी सोडाव्या लागतात आणि जाताना पुन्हा माराव्या लागतात. वाटांची देखभाल करणारा माणूस दर महिन्याला ती कापतो. मी पुन्हा बांधते. गावसभेत त्याची तक्रारही आली होती. "कुणीतरी खोडसाळ दिसतंय," मी म्हटलं, आणि दुसरा विषय काढला.

या जानेवारीत सहाव्या फाटकाशी आलो. गाठी मारायला मी खाली वाकले तर क्लिफर्ड म्हणाला, "व्हा तुम्ही पुढे. मी बांधून येतो."

क्लिफर्ड! जो या रविवारांच्या चौदा वर्षांत एकदाही कुणाच्या मागे राहिला नाही, तो.

बेरिल आणि मी माथ्यावर पोचलो. बेरिल खाली बघून ओरडायला तोंड उघडत होती, मी तिची बाही धरली. "हॅगच्या धुराड्यांकडे बघ," मी म्हटलं. "बघ किती धूर आहे." दोघी पाठ करून उभ्या राहिलो. मागून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग बूट वाजायला लागले, सावकाश, मध्ये थांबत. पोचल्यावर क्लिफर्ड लालबुंद झाला होता आणि नाकाने फुसफुसत होता.

"चला," तो म्हणाला.

"बस रे जरा," मी म्हटलं. "मला दम लागलाय."

मला लागला नव्हता. क्लिफर्डने माझ्याकडे बघितलं आणि दगडावर बसला. बेरिलने पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या आणि तिघांनी एकेक तोंडात टाकली. गोळी संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

मला दम लागलाय. एवढं एकच वाक्य होतं ते. त्याला सह्या लागत नव्हत्या, पट्टी लागत नव्हती. सहा हिवाळे, दर रविवारी अकरा फाटकं, आणि विल्फला मी ते एकदाही म्हटलं नाही.